सांगोवांगीची वाट : डिस्टन्स व्हेक्टर राउटिंगचा आढावा

जळगावच्या एखाद्या कार्यालयातून निघालेले पॅकेट धुळ्याच्या सर्व्हरपर्यंत पोचते, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक राउटरने एकच निर्णय घेतलेला असतो: हे पुढे कोणत्या शेजाऱ्याच्या हाती द्यायचे. या निर्णयासाठी लागणारी माहिती राउटरकडे येते कुठून, याची संगणकशास्त्रात ढोबळमानाने दोन उत्तरे आहेत. पहिल्या पद्धतीत प्रत्येक राउटर आपल्याला लागून असलेल्या दुव्यांची खबर साऱ्या जाळ्याला देतो. त्यातून प्रत्येकाच्या हाती अख्खा नकाशा येतो आणि जो तो आपापली वाट काढतो. हे लिंक स्टेट. दुसऱ्या पद्धतीत नकाशा कोणाकडेच नसतो. प्रत्येक राउटर फक्त लगतच्या शेजाऱ्यांशी बोलतो, ‘अमुक ठिकाण माझ्यापासून इतके दूर आहे’ एवढेच सांगतो, आणि शेजाऱ्याच्या या शब्दावर विसंबून आपला तक्ता भरतो. हे डिस्टन्स व्हेक्टर. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत हा धडा आधी येतो, त्यातले दोष सांगितले जातात, मग लिंक स्टेट हा त्यावरचा तोडगा म्हणून येतो. विद्यार्थ्याच्या मनात त्यातून एक समज पक्का होतो: डिस्टन्स व्हेक्टर ही पद्धत जुनी, सदोष आणि आता इतिहासजमा. हा समज चुकीचा आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. डिस्टन्स व्हेक्टरचा खरा दोष नकाशा नसण्यात नव्हताच. सांगितलेली खबर कुठून आणि कधीची आली, हे कळायला वाव नव्हता, हा खरा दोष. गेल्या चार दशकांत या पद्धतीत ज्या टिकाऊ सुधारणा झाल्या, त्यांतल्या बहुतेक खबरेसोबत तिचा उगम जोडण्याच्या सुधारणा आहेत. आणि त्या सुधारणांच्या जोरावरच आजचे जागतिक इंटरनेट उभे आहे.

आधी मूळ रीत पाहू. तिच्यामागचे गणित इंटरनेटपेक्षा जुने आहे. लेस्टर फोर्ड यांनी १९५६ मध्ये आणि रिचर्ड बेलमन यांनी १९५८ मध्ये ते स्वतंत्रपणे मांडले, म्हणून त्याला बेलमन-फोर्ड म्हणतात. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: एखाद्या ठिकाणापर्यंतचे माझे अंतर म्हणजे शेजाऱ्यापर्यंतचे माझे अंतर अधिक त्या शेजाऱ्याने सांगितलेले त्याचे अंतर, आणि सर्व शेजाऱ्यांपैकी ज्याच्या बाबतीत ही बेरीज सर्वांत कमी येईल, तो माझा पुढचा टप्पा. हे खानदेशातल्या चार गावांवर बसवून पाहू. समजा जळगाव, एरंडोल, पारोळा आणि धुळे येथे एकेक राउटर आहे आणि महामार्गालगतच्या केबलने ते याच क्रमाने एका ओळीत जोडलेले आहेत. अंतर किलोमीटरमध्ये न मोजता टप्प्यांत, म्हणजे हॉपमध्ये मोजू. सुरुवातीला धुळ्याची माहिती फक्त धुळ्याला असते. पहिल्या फेरीत धुळे पारोळ्याला सांगते, ‘मी शून्य अंतरावर’. पारोळा आपल्या तक्त्यात १ लिहितो. दुसऱ्या फेरीत एरंडोलला पारोळ्याकडून ‘१’ कळते, तो २ लिहितो. तिसऱ्या फेरीत जळगाव ३ लिहितो. तीन फेऱ्यांत सगळ्यांना वाट सापडली, आणि जळगावच्या राउटरला पारोळा नावाचे गाव मधे आहे हे माहीत असण्याची गरजही पडली नाही. हा राउटर मैलाच्या दगडासारखा आहे: दिशा आणि अंतर अचूक सांगतो, पण पुढचा पूल शाबूत आहे की नाही याचा त्याला पत्ता नसतो. या साधेपणाचे मोल मोठे आहे. स्मरणशक्ती कमी लागते, आकडेमोड किरकोळ असते, आणि कोणालाही साऱ्या जाळ्याची माहिती बाळगावी लागत नाही.

आता महामार्गाच्या कामावर जेसीबीने पारोळा आणि धुळे यांच्यातली केबल तोडली असे धरू. पारोळ्याला आपली थेट वाट गेल्याचे लगेच कळते. पण त्याने ही वाईट बातमी पुढे देण्याआधीच एरंडोलचा नेहमीचा निरोप येऊन थडकतो: ‘धुळे माझ्यापासून २ वर आहे’. एरंडोलचे हे २ पारोळ्याच्याच भरवशावर होते, हे पारोळ्याला कळायला मार्ग नाही, कारण निरोपात फक्त आकडा आहे. पारोळा खुशीने ३ लिहितो आणि एरंडोलकडे बोट दाखवतो. पुढच्या निरोपात एरंडोलला पारोळ्याचे ३ कळते. एरंडोलची वाट पारोळ्यावरूनच असल्याने त्याला ४ लिहावे लागते. मग पारोळा ५, एरंडोल ६, पारोळा ७. दोघेही गणिताचा नियम तंतोतंत पाळत आहेत, कोणीही खोटे बोलत नाही, आणि तरीही दोघे मिळून एका अस्तित्वात नसलेल्या वाटेची लांबी वाढवत बसले आहेत. या काळात धुळ्याकडे निघालेले प्रत्येक पॅकेट पारोळा-एरंडोल अशा खेपा घालते आणि त्याचा टीटीएल, म्हणजे ठरवून दिलेले आयुष्य, संपला की मरते. अनंतापर्यंत मोजत जाण्याचा हा प्रसिद्ध दोष. आरआयपी या प्रोटोकॉलमध्ये १६ म्हणजेच अनंत असे ठरवून त्याला आळा घातला आहे. दर ३० सेकंदांनी निरोप जात असेल, तर एरंडोलचा आकडा प्रत्येक फेरीत दोनने चढत २ वरून १६ वर पोचायला सात फेऱ्या, म्हणजे साडेतीन मिनिटे लागतात. मर्यादा १६ ठेवण्याची किंमत अशी की १५ हॉपपेक्षा लांबचे जाळे आरआयपीला चालवताच येत नाही. ही मर्यादा वाढवावी तर चुकीची मोजणी लांबते, कमी करावी तर जाळे आखडते.

हा दोष कागदावरचा नव्हता. १९६९ मध्ये सुरू झालेल्या, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटचे पहिले राउटिंग याच रीतीचे होते. शेजारी शेजाऱ्याला सुमारे दोन तृतीयांश सेकंदाला एकदा आपला तक्ता पाठवत असे, आणि अंतर म्हणून त्या क्षणी रांगेत किती पॅकेट थांबली आहेत हे मोजले जाई. रांगेची लांबी क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे वाटाही भिरभिरत राहत, वेढे पडत आणि ते टिकून राहत. त्या काळातली एक घटना या लेखाच्या मुद्द्यासाठी फार महत्त्वाची आहे. हार्वर्डमधल्या राउटिंग यंत्राच्या स्मरणशक्तीत बिघाड झाला आणि त्याच्या तक्त्यात सगळीकडे शून्ये भरली गेली. आपण प्रत्येक ठिकाणापासून शून्य अंतरावर आहोत, असे ते शेजाऱ्यांना सांगू लागले. शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला, पुढे खबर दिली, आणि जाळ्यातली वाहतूक त्या एका यंत्राकडे खेचली जाऊन गडप झाली. १९७९ मध्ये जॉन मॅक्विलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्पानेटला लिंक स्टेट पद्धतीवर नेले. तरीही जुनी रीत मेली नाही. झेरॉक्सच्या जाळ्यातून ती बर्कली युनिक्समध्ये ‘राउटडी’ या प्रोग्रामच्या रूपाने आली आणि युनिक्ससोबत फुकट मिळत असल्याने जगभर पसरली. तिचे, म्हणजेच आरआयपीचे, लेखी प्रमाण तयार झाले ते नंतर, जून १९८८ मध्ये, चार्ल्स हेड्रिक यांच्या आरएफसी १०५८ या दस्तऐवजातून. दुसरी आवृत्ती आरएफसी २४५३ म्हणून १९९८ मध्ये स्थिर झाली.

दोषावरचे पहिले उपाय बोलण्या-ऐकण्याला शिस्त लावणारे होते. स्प्लिट होरायझन सांगतो: जी खबर ज्याच्याकडून मिळाली, ती त्यालाच परत सांगू नका. आपल्या उदाहरणात एरंडोल पारोळ्याला धुळ्याबद्दल काही बोललाच नसता, तर घोळ झाला नसता. पॉयझन रिव्हर्स त्याहून पुढे जाऊन सांगतो: परत सांगाच, पण ‘अनंत’ म्हणून सांगा. ट्रिगर्ड अपडेट म्हणजे वाईट बातमी कळताच वेळापत्रकाची वाट न पाहता ती पाठवणे. होल्ड-डाउन म्हणजे वाट तुटल्याचे कळल्यावर ठरावीक काळ कोणाच्याही नव्या दाव्यावर विश्वास न ठेवणे. हे सगळे उपयोगी आहेत, पण पुरेसे नाहीत. समजा आपल्या जाळ्यात अमळनेर आले आणि पारोळा, एरंडोल व अमळनेर ही तिन्ही एकमेकांना जोडली गेली. एरंडोल आणि अमळनेर दोघांचीही धुळ्याची वाट पारोळ्यावरून, दोघांचे अंतर २, आणि दोघांनी एकमेकांना ते सांगितलेले. स्प्लिट होरायझन याला हरकत घेत नाही, कारण ही खबर त्यांना एकमेकांकडून मिळालेली नाही. केबल तुटली. पारोळ्याची वाईट बातमी एरंडोलला मिळाली, अमळनेरकडे जाणारा निरोप मात्र वाटेत गहाळ झाला. एरंडोल अमळनेरच्या २ वर विसंबून ३ लिहितो आणि ते पारोळ्याला सांगतो. पारोळा ४ लिहून अमळनेरला सांगतो, अमळनेर ५ लिहून एरंडोलला. तिघांचा वेढा पडला आणि मोजणी पुन्हा सुरू झाली. होल्ड-डाउनने हे थोपवता येते, पण मग खरोखरची दुसरी वाट उपलब्ध असतानाही राउटर गप्प बसून राहतो. या पिढीचे उपाय कधी बोलावे आणि कधी ऐकावे एवढेच ठरवतात. निरोपातला मजकूर तोच राहतो: एक ठिकाण आणि एक आकडा.

मजकूर बदलणारी एक ठळक सुधारणा १९९४ ची. चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी त्या वर्षीच्या सिगकॉम परिषदेत डीएसडीव्ही ही पद्धत मांडली. भागवत आयआयटी कानपूरचे पदवीधर. वायरलेस जाळ्यांच्या सुरक्षेसाठी त्यांनी पुढे काढलेल्या एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीचे विकासकेंद्र पुण्यात वाढले. डिस्टन्स व्हेक्टरच्या इतिहासाचा महाराष्ट्राशी असलेला हा धागा आपल्याकडच्या वर्गांत आवर्जून सांगायला हवा. पर्किन्स-भागवत यांच्यापुढचा प्रश्न फिरत्या संगणकांचा होता. तिथे दुवे सतत तुटतात आणि जुळतात, म्हणून शिळी खबर हा तिथला मोठा धोका. त्यांचा उपाय असा: प्रत्येक ठिकाणाने आपल्या खबरेला स्वतःच अनुक्रमांक द्यायचा आणि तो दर वेळी सम संख्येने वाढवायचा. दुवा तुटला, तर ज्याला ते कळले त्याने पुढचा विषम क्रमांक लावून ‘अनंत’ असे जाहीर करायचे. आपल्या चार गावांत धुळ्याची शेवटची खबर १०० क्रमांकाची होती. केबल तुटताच पारोळा १०१ क्रमांक लावून ‘धुळे अनंत’ असे म्हणतो. मग एरंडोलचे ‘२’ येते, पण त्यावर क्रमांक १०० आहे. पारोळ्याला आता कळते की ही खबर तुटण्याआधीची आहे, आणि तो ती बाजूला ठेवतो. नकाशा अजूनही कोणाकडे नाही. खबरेला तिच्या मूळ मालकाचा शिक्का लागला, एवढ्याने काम भागले.

दुसरा मार्ग होजे गार्सिया-लुना-असेव्हेस यांच्या ड्युअल या रीतीचा. डाइक्स्ट्रा आणि शोल्टन यांनी १९८० मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ती उभी आहे आणि सिस्कोच्या ईआयजीआरपीचा ती गाभा आहे. हा प्रोटोकॉल अनेक वर्षे एकाच कंपनीच्या मालकीचा होता. २०१६ मध्ये तो आरएफसी ७८६८ म्हणून सर्वांसाठी प्रसिद्ध झाला. ड्युअलचा युक्तिवाद देखणा आहे. आतापर्यंतचे माझे सर्वांत कमी अंतर मी लक्षात ठेवतो. ज्या शेजाऱ्याने सांगितलेले अंतर त्याहून काटेकोरपणे कमी आहे, त्याची वाट माझ्यावरून जाऊच शकत नाही, कारण माझ्यावरून जाणाऱ्याचे अंतर माझ्यापेक्षा जास्तच भरणार. पारोळ्याचे सर्वांत कमी अंतर १, एरंडोल म्हणतो २. दोन हे एकापेक्षा कमी नाही, म्हणून प्रस्ताव नामंजूर. तिघांच्या वेढ्यातही हे चालते: एरंडोलचे सर्वांत कमी अंतर २, अमळनेरचे सांगणे २, बरोबरी चालत नाही, म्हणून नामंजूर. मात्र ही चाळणी कडक असल्याने कधी कधी निर्दोष वाटही नाकारली जाते. तेव्हा राउटरला शेजाऱ्यांना विचारणा पाठवून सर्वांची उत्तरे येईपर्यंत थांबावे लागते. मोठ्या जाळ्यात एखादे उत्तर अडकले की वाट तशीच लटकते, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांना हा त्रास चांगला परिचयाचा आहे. यावर युलिउश ख्रोबोचेक यांच्या बाबेल प्रोटोकॉलने दोन्ही कल्पनांची सांगड घातली: ड्युअलसारखी चाळणी आणि डीएसडीव्हीसारखा अनुक्रमांक. चाळणीमुळे वाट अडली, तर राउटर मूळ ठिकाणाकडे नवा क्रमांक मागतो. बाबेल २०२१ मध्ये आरएफसी ८९६६ म्हणून प्रमाणित झाला.

तिसरा मार्ग सर्वांत सरळ आहे, आणि इंटरनेट त्याच्यावरच चालते. आकड्याऐवजी अख्खी वाट सांगायची. या रीतीच्या बीजीपी प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती जून १९८९ मध्ये आरएफसी ११०५ म्हणून आली. आज वापरात असलेली चौथी आवृत्ती २००६ च्या आरएफसी ४२७१ मध्ये आहे. बीजीपीत प्रत्येक स्वायत्त जाळे शेजाऱ्याला सांगते: अमुक पत्त्यांकडे मी जाऊ शकतो, आणि माझी वाट या या जाळ्यांतून जाते. आपल्या उदाहरणात एरंडोलने ‘२’ न म्हणता ‘एरंडोल, पारोळा, धुळे’ असे सांगितले असते. पारोळ्याने त्या यादीत स्वतःचे नाव पाहिले असते आणि प्रस्ताव तिथेच फेटाळला असता. जगाच्या बीजीपी तक्त्यात आज आयपीव्ही४ च्या नऊ लाखांहून अधिक नोंदी आहेत, आणि त्यातली प्रत्येक नोंद कोणा ना कोणा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आलेली आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. बीजीपीला पाथ व्हेक्टर म्हणतात, त्यात वाटेची निवड अंतरावर होत नाही, व्यापारी करारांवर आणि धोरणावर होते. मग त्याला डिस्टन्स व्हेक्टरच्या कुळात का मोजावे? निवडीचा निकष वेगळा आहे, हे मान्य. पण माहिती पसरण्याची रीत तीच आहे: फक्त शेजाऱ्याशी बोलणे, फक्त आपली निवडलेली वाट सांगणे, आणि बाकी जगाबद्दल शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबणे. आजारही त्याच घराण्याचे आहेत. क्रेग लाबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत असे दिसले की एखादी वाट कोसळल्यावर बीजीपीला नवी वाट पक्की करायला सरासरी तीन मिनिटे लागत, आणि काही वेळा ही चलबिचल पंधरा मिनिटांपर्यंत टिके. कारण असे की वाटांची यादी वेढा ओळखू देते, पण वाट नेमकी कुठे तुटली हे सांगत नाही. त्यामुळे राउटर त्याच तुटलेल्या दुव्यावरून जाणाऱ्या अधिकाधिक लांबच्या वाटा एकामागून एक आजमावत राहतात. बेलमन-फोर्डमधली अनंतापर्यंतची मोजणी इथे वेगळ्या रूपात भेटते. म्हणून बीजीपी समजून घ्यायचा तर डिस्टन्स व्हेक्टर आधी समजायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लिंक स्टेटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण माहिती असते, वेढे क्षणिक असतात, सावरणे जलद होते. मग हा सगळा खटाटोप कशाला? एका संस्थेच्या आत, जिथे सगळी यंत्रे एकाच मालकाची आहेत, तिथे हा आक्षेप बरोबर आहे. ओएसपीएफ आणि आयएस-आयएस हे लिंक स्टेट प्रोटोकॉल तिथे राज्य करतात ते योग्यच आहे. पण लिंक स्टेटची अट अशी की प्रत्येकाने आपले सगळे दुवे सर्वांपुढे उघडे करायचे आणि सर्वांनी एकच मोजमाप मानायचे. प्रतिस्पर्धी दूरसंचार कंपन्या आपल्या जाळ्याची अंतर्गत रचना आणि करार एकमेकींना दाखवणार नाहीत, त्यामुळे संस्थांच्या हद्दीवर ही अट कोसळते. आकाराचीही अडचण आहे. जाळे मोठे झाले की खुद्द ओएसपीएफ त्याचे एरिया पाडतो, आणि एका एरियातून दुसऱ्यात जाणारी माहिती नकाशाच्या रूपात जात नाही, ठिकाण आणि अंतर अशीच जाते. हद्दीवर ओएसपीएफ डिस्टन्स व्हेक्टर होतो. प्रत्येक एरिया मधल्या बॅकबोनला जोडलेला असला पाहिजे ही त्याची सक्ती वेढे टाळण्यासाठीच आहे. पूर्ण माहितीचा पुरस्कर्ताही विस्तार झाल्यावर सांगोवांगीकडे वळतो, तेव्हा दोष त्या रीतीच्या असण्यात नाही, ती बेशिस्त असण्यात आहे, हे मान्य करावे लागते.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: आता सॉफ्टवेअर-डिफाइन्ड जाळ्यांत मध्यवर्ती नियंत्रक सगळे ठरवतो, राउटरांनी आपापसात बोलायची गरजच काय? मोठ्या कंपन्यांच्या खाजगी जाळ्यांत असा नियंत्रक यशस्वी झाला आहे, हे खरे. पण त्याच काळात विशाल डेटा सेंटरांच्या आतले राउटिंग बीजीपीवर चालवण्याची रीत रूढ झाली आणि २०१६ मध्ये आरएफसी ७९३८ ने ती नोंदवली. हजारो स्विच एकमेकांशी फक्त शेजारी म्हणून बोलतात, आणि एकाचा बिघाड त्याच्या आसपासच आटोक्यात राहतो, हे त्यामागचे एक कारण आहे. दुसऱ्या टोकाला, बॅटरीवर चालणाऱ्या बारीक सेन्सरांसाठी २०१२ मध्ये प्रमाणित झालेला आरपीएल हा प्रोटोकॉलही डिस्टन्स व्हेक्टर कुळातलाच. रावेर-यावलच्या केळीबागांत जमिनीच्या ओलाव्याचे सेन्सर एकमेकांमार्फत आकडे पाठवणार असतील, तर काही किलोबाइट स्मरणशक्तीच्या त्या यंत्रांना साऱ्या बागेचा नकाशा बाळगणे परवडणार नाही. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान जाळ्यांत हीच रीत टिकते, हा योगायोग नाही. जिथे पूर्ण माहिती मिळत नाही किंवा परवडत नाही, तिथे शेजाऱ्यावर विसंबण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

मात्र खबरेचा उगम कळणे आणि खबर खरी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि या पद्धतीचा अजून न सुटलेला प्रश्न तिथेच आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब रोखण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांच्या एका तुकड्याची वाट स्वतःकडे असल्याची नोंद केली. ती नोंद वरच्या जाळ्यामार्फत जगभर गेली. ती यूट्यूबच्या मूळ नोंदीपेक्षा अधिक नेमकी असल्याने राउटरांनी तिलाच पसंती दिली, आणि सुमारे दोन तास यूट्यूब जगाच्या मोठ्या भागातून दिसेनासे झाले. हार्वर्डच्या शून्यांत आणि या घटनेत तीनेक दशकांचे अंतर आहे, पण आजार तोच: दावा करणाऱ्याला तो दावा करण्याचा हक्क आहे का, हे कोणी तपासले नाही. आरआयपीच्या दुसऱ्या आवृत्तीत पासवर्ड आला, पुढे कूटलेखनाची सोयही झाली. पण त्यातून निरोप कोणी पाठवला एवढेच सिद्ध होते, त्यातली गोष्ट खरी असल्याचे नाही. २०१२ पासून प्रमाणित होत गेलेल्या आरपीकेआय या व्यवस्थेत पत्त्यांचा धनी सहीनिशी जाहीर करतो की माझे पत्ते कोणते जाळे सांगू शकते. त्याने वाटेच्या उगमाची तपासणी होते. संपूर्ण वाटेवर सह्या मागणारे बीजीपीसेक २०१७ मध्ये प्रमाणित झाले, पण वापरात रुळलेले नाही, कारण साखळीतल्या जवळजवळ सर्वांनी ते एकत्र स्वीकारल्याशिवाय त्याचा लाभ दिसत नाही. खबरेचा काळ, तिची वाट, तिच्या मालकाची सही, अशी निरोपात भर पडत गेली. पुढची सुधारणाही याच दिशेने होईल, असा निष्कर्ष या इतिहासातून काढता येतो.

खानदेशासाठी हा विषय आता निव्वळ अभ्यासक्रमाचा राहिलेला नाही. गावोगावी ब्रॉडबँड नेणाऱ्या भारतनेट योजनेच्या पहिल्या टप्प्यात ब्लॉकपासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर गेले ते मुख्यतः झाडाच्या फांद्यांसारखे. फांदी तुटली की पुढच्या गावांना दुसरी वाटच नाही, मग राउटिंग कितीही हुशार असो. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात रिंग रचना आणि ब्लॉक व ग्रामपंचायत पातळीवर राउटर धरलेले आहेत. साक्री, शिरपूर, चोपडा, रावेर अशा तालुक्यांत रिंग खरोखर पूर्ण झाल्या, तर तुटलेल्या केबलला पर्याय असेल आणि वाट बदलण्याचा निर्णय जवळच्या यंत्रांना घ्यावा लागेल. अशा जाळ्यांच्या आत सहसा लिंक स्टेट प्रोटोकॉल चालतो आणि हद्दीवर बीजीपी. म्हणजे त्यांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला दोन्ही रीती समजाव्या लागतील. तो तंत्रज्ञ मुंबई-पुण्याहून येणार नाही. तो जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, बांभोरीत, धुळ्यात, शिरपुरात किंवा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संगणक विभागात शिकत असेल.

म्हणून तिथल्या शिक्षकांना एक विनंती. हा धडा व्याख्या आणि गुण-दोषांच्या यादीपुरता ठेवू नका. एफआरराउटिंग हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या लिनक्स संगणकांवर चालते, आणि त्यात आरआयपी, बाबेल, ओएसपीएफ आणि बीजीपी चारही आहेत. महागडा राउटर विकत घ्यावा लागत नाही. चार यंत्रे एका ओळीत जोडा, स्प्लिट होरायझन बंद करा, टोकाचा दुवा तोडा आणि वायरशार्क या पॅकेट तपासणाऱ्या प्रोग्रामवर मधल्या दोघांचे आकडे १६ पर्यंत चढताना विद्यार्थ्यांना पाहू द्या. मग तोच प्रयोग बाबेलवर आणि बीजीपीवर करा, आणि त्यांना एकच प्रश्न विचारा: या वेळी निरोपात असे काय होते, जे आधी नव्हते? ज्या विद्यार्थ्याला याचे उत्तर स्वतः सापडेल, त्याला आरआयपी का मागे पडला हेही कळेल आणि इंटरनेट आजही त्याच्याच कुळातल्या रीतीवर का चालते हेही.